भाड्याच्या घरात बाथरूमचा दिवा आणि एग्झॉस्ट फॅन वेगळ्या बटणांवर कसे आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला, भाड्याचा वन बीएचके. बाथरूमला खिडकी नाही, डक्टकडे उघडणारं लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप, आहे आणि त्यात एग्झॉस्ट फॅन बसवलाय. दिवा आणि फॅन एकाच बटणावर. रात्री कोणी बाथरूमला गेलं की फॅन घरघरतो आणि पलीकडच्या खोलीत झोपलेलं आठ महिन्यांचं बाळ उठतं, म्हणून घरातले अंधारातच जातात. उलट आंघोळीनंतर फॅन चालू ठेवावा तर दिवाही जळत राहतो, म्हणून कोणी ठेवत नाही आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय. घरमालक पुण्याला राहतात. भिंत न फोडता, डिपॉझिटला धक्का न लागता हे वेगळं करता येईल का?

येईल. बहुतेक घरांत भिंतीला हातही न लावता येतं. काम किती सोपं जाईल हे एकाच गोष्टीवर ठरतं: दिव्याची आणि फॅनची वायर एकत्र कुठे झाली आहे? बाहेरच्या बोर्डात बटणाच्या मागे, की आत दिव्याच्या पॉइंटवर? बोर्डात जोडली असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आत जोडली असेल तर नवी वायर ओढावी लागते, आणि तेही जमत नसेल तर वेगळा मार्ग धरावा लागतो. बोर्ड उघडून न बघता फोनवर रक्कम सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय, एवढं धरून चाला.

वायर कशी जाते ते आधी समजून घ्या, म्हणजे इलेक्ट्रिशियनशी बोलणं सोपं जाईल. बोर्डात फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, येते आणि बटणाच्या एका स्क्रूला लागते. दुसऱ्या स्क्रूतून निघालेली वायर पाइपातून वर दिव्यापर्यंत जाते. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बटणाला न शिवता थेट पॉइंटला जाते आणि अर्थिंगही तसंच. म्हणजे दोन पॉइंट वेगळे चालवायचे तर बोर्डापासून प्रत्येकाला स्वतःची एक फेज वायर हवी. न्यूट्रल आणि अर्थ दोघांत समाईक चालतात. तुम्हाला हवी आहे ती नेमकी ही एक जास्तीची वायर. बिल्डरने ती पाइपात आधीच टाकून ठेवली आहे का, एवढंच शोधायचं.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये ती बऱ्याचदा असते. ड्रॉइंगमध्ये लाइट पॉइंट, एग्झॉस्ट पॉइंट आणि गिझर पॉइंट वेगवेगळे दाखवलेले असतात आणि वायरही तशीच ओढलेली असते. पण बाहेरच्या प्लेटवर जागा उरत नाही किंवा हँडओव्हरच्या घाईत एक बटण वाचवलं जातं, आणि दोन्ही वायरी एकाच बटणाखाली दाबल्या जातात. जुन्या इमारतींत, म्हणजे नौपाडा, कोपरी, वाशीची जुनी सेक्टर, तिथे चित्र वेगळं. तिथे मुळात एग्झॉस्टचा पॉइंटच नव्हता. नंतर कोणीतरी फॅन बसवला आणि सगळ्यात जवळ असलेल्या दिव्याच्या होल्डरमधून लूप मारून त्याला वीज दिली.

बोर्ड न उघडताही काही खुणा दिसतात. दिव्याच्या होल्डरपासून फॅनपर्यंत भिंतीवरून क्लिपा मारलेली वायर किंवा प्लास्टिकची पट्टी गेली असेल तर लूप आत आहे, हे नक्की. फॅनची वायर भिंतीतल्या किंवा फॉल्स सीलिंगमधल्या स्वतंत्र गोल बॉक्समधून येत असेल, किंवा फॅनसाठी वर छोटा सॉकेट दिलेला असेल, तर वेगळी वायर असण्याची शक्यता चांगली. आणि बाहेरच्या प्लेटवर एखादा कोरा तुकडा, ज्याला आम्ही डमी म्हणतो, दिसत असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे.

आता बोर्ड उघडण्याविषयी. इथे मला थोडं थांबून सांगायचंय. इलेक्ट्रिशियन आल्यावर मेन बंद केलं की झालं, असं बहुतेक लोक धरून चालतात. घरात इन्व्हर्टर असेल तर हे खोटं ठरतं. दिव्यांचं सर्किट सहसा इन्व्हर्टरवर असतं. मेन पाडलं की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो लगेच त्याच वायरीत आपली वीज सोडतो. बॅटरीतून आलेली असली तरी ती २३० व्होल्टच असते आणि माणसाला तेवढीच लागते. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, त्याचा आउटपुट सोडवायचा आणि मग डीबीतलं, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतलं, मेन पाडायचं. त्यानंतरही बोर्डात तपासल्याशिवाय हात घालायचा नाही. टेस्टर आधी एका चालू सॉकेटवर लावून पेटतो ना ते बघून घ्यायचं, मगच मेन बंद करायचं. आणि निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं मानायचं नाही. पायात जाड रबरी चप्पल असली किंवा उजेड जास्त असला तर तो पेटलेला दिसतच नाही. चांगला वायरमन मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून बघतो. तुमच्याकडे येणारा काय वापरतो त्याकडे लक्ष ठेवा.

तुम्ही स्वतः किती करावं? बघावं, फोटो काढावा, तिथे थांबावं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीच्या २०२३ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसंच्या तसं बदलणं, म्हणजे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी बदली, परवान्याच्या अटीतून वगळली आहे. वायरिंगमधली वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायची असते. बिघडलेलं बटण बदलणं एक गोष्ट. नवं बटण वाढवून त्याला वायर जोडणं हा फेरफार झाला. भाडेकरूने तो स्वतः केला आणि पुढे काही जळलं तर मालक, सोसायटी आणि विमा कंपनी या तिघांसमोर तुमची बाजू लंगडी पडते.

समजा वायरमन आला आणि प्लेट उघडली. मोड्युलर प्लेटची बाहेरची फ्रेम कडेच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचलली की निघते. आत दोन स्क्रू दिसतात. ते सोडले की बटणांसकट पूर्ण ग्रिड पुढे येते आणि मागच्या वायरी दिसतात. दिव्याच्या बटणाच्या आउटपुटच्या स्क्रूकडे बघा. एकाच स्क्रूखाली दोन वायरी पिळून दाबलेल्या असतील तर त्यातली एक दिव्याची आणि एक फॅनची. यापेक्षा सोपं काम नाही. फक्त एकच वायर निघाली तर जोड आत आहे. रंगावर मात्र विसंबू नका. मानकाप्रमाणे न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा, पण घरोघरी हाताला येईल त्या रंगाची वायर टाकलेली सापडते. काही ठिकाणी तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं निघतं. बटण बंद आणि दिवा विझलेला, तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. असं आढळलं तर वेगळं करण्याचा विषय बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करून घ्या.

दोन वायरी निघाल्या, असं धरू. दोन्ही सुट्या करायच्या, एक जुन्या बटणावर ठेवायची आणि दुसरी नव्या बटणाच्या आउटपुटला द्यायची. नव्या बटणाला फेज द्यायला जुन्या बटणाच्या इनपुटपासून १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा छोटा तुकडा लूप करायचा. इथे एक चूक वारंवार होते. बाथरूमच्या बोर्डात शेजारीच गिझरचं मोठं बटण असतं, त्याचा स्क्रू हाताशी येतो आणि फॅनची फेज तिथून उचलली जाते. हे होऊ देऊ नका. गिझर वेगळ्या, जास्त ॲम्पिअरच्या एमसीबीवर (वीज प्रमाणाबाहेर गेली की आपोआप पडणारा स्विच) असतो. फॅनची बारीक वायर त्या एमसीबीने वाचत नाही. शिवाय उद्या कोणी लाइटचा एमसीबी पाडून फॅन दुरुस्त करायला चढला तर फॅनमध्ये वीज असतेच. फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा अशी सरमिसळ झाली, आणि दोन सर्किटांना वेगवेगळे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच) असले, तर फॅन लावताच आरसीसीबी पडतो. मग तीन-तीन माणसं येऊन फॅन बदलून जातात, पण मूळ दोष तसाच राहतो. वायरमनला एकच वाक्य सांगा: फेज लाइटच्या बटणावरूनच लूप करा.

बटणाची जागा हा पुढचा प्रश्न. डमी असेल तर ती काढून तिथे ६ ॲम्पिअरचं बटण बसवायचं. मात्र एका कंपनीचं मोड्यूल दुसऱ्या कंपनीच्या प्लेटमध्ये बसत नाही, आणि त्याच कंपनीच्या वेगळ्या मालिकेचंही बऱ्याचदा बसत नाही. प्लेटच्या मागे नाव लिहिलेलं असतं, त्याचा फोटो घेऊन दुकानात जा. आपल्या नाक्यावर नाही मिळालं तर मुंबईत लोहार चाळीत जुन्या मालिकांची बटणं मिळण्याची शक्यता जास्त. डमी नसेल तर प्लेटवर असं काही आहे का बघा जे कोणी वापरतच नाही. एखादा इंडिकेटर किंवा बाथरूमबाहेरचा कधी न वापरलेला सॉकेट. त्याची जागा घेता येते, जुना तुकडा जपून ठेवायचा. तेही नसेल तर भिंतीतला बॉक्स मोठा करायला जाऊ नका, त्यासाठी प्लास्टर फोडावं लागतं. शेजारी एका मोड्यूलचा वर बसणारा सरफेस बॉक्स लावून आतून वायर बाहेर घ्या. दिसायला थोडा उठून दिसतो, पण घर सोडताना काढला तर दोन स्क्रूची भोकं उरतात आणि ती पुट्टीने बुजतात.

जुन्या घरांत हायलम शीटचा, म्हणजे कडक लॅमिनेटच्या सपाट पत्र्याचा, बोर्ड आणि पियानो बटणं असतील तर तुम्ही नशीबवान. शीटवर मोकळी जागा असतेच, तिथे चौकोन कापून आणखी एक बटण बसवलं की झालं. मात्र बोर्ड उघडल्यावर वायर पांढरट, चंदेरी दिसली तर ती ॲल्युमिनियमची आहे. तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडायची नाही. अशा जोडावर गंज चढतो, तो गरम होतो आणि सैल पडतो. त्यासाठी योग्य कनेक्टर वापरावा लागतो. शक्य असेल तर तेवढा टप्पा तांब्याच्या वायरने बदलून घ्यावा.

आता अवघड बाजू. बोर्डात एकच वायर निघाली आणि लूप आत दिव्यापाशी आहे. पहिला प्रयत्न पाइपातून नवी वायर ओढण्याचा. बोर्डापासून दिव्याच्या पॉइंटपर्यंत भिंतीत पीव्हीसी पाइप असतो. त्यात जागा असेल तर स्प्रिंग (पाइपातून वायर ओढायची लांब, लवचिक तार) घालून एक फेज वायर ओढता येते. अनुभवी माणूस आधी स्प्रिंग एका बाजूने सरकवून बघतो, बेंडपाशी अडली की जोर न लावता दुसऱ्या बाजूने प्रयत्न करतो, आणि वायरीला टाल्कम पावडर लावून ओढतो. साबण लावू देऊ नका, तो आत वाळून बसतो आणि पुढच्या वेळी सगळंच जाम होतं. जुनी वायर बाहेर ओढून तिच्या शेपटाला दोन नव्या वायरी बांधायचीही पद्धत आहे आणि बहुतेकदा ती चालते. पण मध्येच गाठ सुटली तर हातात काहीच राहत नाही आणि बाथरूम अंधारात जातं. स्प्रिंग आरपार निघाल्याशिवाय जुनी वायर काढायची नाही, ही अट घाला.

पाइप जाम असेल आणि इमारत नवी असेल, तर भिंत कापण्याचा विचार सोडूनच द्या. घोडबंदर पट्ट्यातले अनेक टॉवर मिवान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेले आहेत. त्यांच्या भिंती विटांच्या नाहीत, सळईच्या काँक्रीटच्या आहेत आणि इमारतीचा भार त्यांच्यावर आहे. तिथे कटर मारणं म्हणजे इमारतीच्या सांगाड्याला हात लावणं, आणि भाडेकरूने तर ते कधीच करू नये. विटांची भिंत असली तरी बाथरूमच्या आतल्या टाइल फोडू नका. वॉटरप्रूफिंग एकदा दुखावलं की ओल शेजारच्या खोलीत नाहीतर खालच्या मजल्यावर उतरते, आणि गळतीचं भांडण सोसायटीत वर्षानुवर्षं चालतं.

फॉल्स सीलिंग असेल तर मात्र मार्ग निघतो. वरच्या फ्लॅटच्या ट्रॅपचे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या वळणाचे, पाइप झाकायला नव्या घरांत ते असतंच, आणि प्लंबरसाठी एक झाकणही ठेवलेलं असतं. बोर्डापासून दाराच्या वरपर्यंत बाहेरच्या भिंतीवर केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी, दाराच्या वरून एक छोटं भोक, आणि आत सीलिंगच्या वर लवचिक पाइपातून वायर फॅनपर्यंत. जोड उघडा ठेवून टेप मारायची नाही. बंद जंक्शन बॉक्समध्येच घ्यायचा, आणि तोही वरच्या ट्रॅपच्या बरोबर खाली येणार नाही असा. कधीतरी तो ट्रॅप ठिबकतोच.

वायर अजिबात ओढता येत नसेल तर काय? तुमच्या दोन तक्रारींपैकी एक तरी जवळजवळ फुकटात सुटते. दिव्याच्या जागी सेन्सरचा एलईडी बल्ब लावा. भिंतीवरचं बटण चालू ठेवलं की फॅन चालू राहतो आणि आत कोणी नसेल तर दिवा आपोआप विझतो. आंघोळीनंतर फॅन वीस मिनिटं चालवण्याचा प्रश्न सुटला. दोन गोष्टी बघून घ्या. रडार प्रकारचा सेन्सर पातळ दारापलीकडची हालचालही पकडतो आणि बाहेरून कोणी गेलं तरी दिवा लागतो. आणि काही बल्ब माणूस स्थिर बसला की विझतात, तेव्हा किती वेळ पेटत राहतो ते खोक्यावर वाचा. बाळाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, कारण रात्री बटण दाबलं की फॅन लागणारच.

दोन्ही हवं असेल तर रिमोटवर चालणारा, दोन चॅनलचा रिसीव्हर फॉल्स सीलिंगच्या वर, बंद बॉक्समध्ये बसवता येतो. एका चॅनलवर दिवा, एकावर फॅन. भिंतीवरचं जुनं बटण मग कायम चालू ठेवायचं आणि शेजारी चिकटवलेल्या बिनवायरीच्या बटणाने दोन्ही चालवायचे. एकच चॅनल घेऊन तो फॅनला लावला तर दिवा एकटा लावता येईल, पण फॅन एकटा चालवता येणार नाही. दुकानदार हे सांगत नाही. घेताना हेही विचारा की वीज जाऊन आल्यावर रिसीव्हर बंद राहतो की चालू होतो. पहाटे तीनला वीज आली आणि फॅन आपोआप सुरू झाला, तर तुमचा मूळ त्रास परत दारात. माझं मत विचाराल तर शक्य असेल तिथे साधी वायर आणि साधं बटणच. ते पुढच्या भाडेकरूलाही समजावून सांगावं लागत नाही.

बटण कुठेही लावा, पण बाथरूमच्या बाहेर. काही जण सोयीसाठी आत, आरशाजवळ लावायला सांगतात. शॉवरच्या आसपासच्या भागात बटण आणि सॉकेट नको हा नियम आहे, आणि आपल्याकडच्या चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये शॉवरपासून लांब अशी जागाच उरत नाही.

बोर्ड उघडलाच आहे तर फॅनला अर्थिंग पोहोचलंय का तेही बघून घ्या. लोखंडी बॉडीच्या एग्झॉस्टला ते हवंच, आणि दिव्यावरून लूप मारलेल्या फॅनला ते हमखास नसतं. डीबीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का, त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हेही त्याच भेटीत तपासा. नसेल आणि जुने किटकॅट फ्यूज असतील, तर मालकांना सांगण्यासारखी ती जास्त मोठी गोष्ट आहे. ओल्या अंगाने बसलेला धक्का फ्यूज थांबवत नाही.

गॅसच्या गिझरविषयी वेगळं सांगावं लागेल, कारण या प्रश्नासोबत ती चूक जोडीने येते. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल आणि फॅन वेगळा करून घेतल्यावर "आता धूर बाहेर जाईल" असं कोणी म्हणत असेल, तर तसं धरू नका. बंद दाराच्या खोलीत फॅन हवा ओढायला लागला की आत दाब कमी होतो आणि गिझरच्या नळीतून जाणारा धूर उलट आतही येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवणं हाच उपाय आहे. घरात लहान बाळ असताना तर त्यात एका दिवसाचीही चालढकल नको.

फॅन वेगळा झाल्यावर तो किती वेळ चालवायचा? चार बाय सात फूट आणि आठ फूट उंची म्हणजे साधारण सव्वासहा घनमीटर हवा. सहा इंची फॅनच्या खोक्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो. पण डक्ट, जाळी आणि धूळ धरून ताशी १०० घनमीटर हवा खरोखर बाहेर गेली, तरी चार मिनिटांत बाथरूमची सगळी हवा एकदा बदलते. म्हणजे आंघोळीनंतर पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. यासाठी दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर फॅन फिरतो आणि हवा हलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा वेळ थोडा वाढवा आणि दार उघडं ठेवा. खर्चाची काळजी करू नका. ३० वॅटचा फॅन अख्खा दिवस-रात्र चालला तरी पाऊण युनिटच्या आत असतो. रोज चार आंघोळींना वीस-वीस मिनिटं धरली तर महिन्याला सव्वा युनिटसुद्धा होत नाही. विसरायची सवय असेल तर साध्या बटणाऐवजी त्याच प्लेटमध्ये बसणारं टायमरचं बटण मिळतं का ते विचारा.

आणि घरघर? ती फॅनची स्वाभाविक नाही. खाली उतरवून बघा. पात्यांवर धुळीचा थर, सैल स्क्रू, झिजलेला बुश, यापैकी काहीतरी निघतंच. ठाण्याच्या डक्टमध्ये कबुतरं घरटी करतात आणि मागच्या झडपा काड्यांनी अडकतात. फॅन जोर लावतो, आवाज करतो आणि हवा काही जात नाही. साफ करून, भिंत आणि फ्रेममध्ये रबराची पट्टी घालून परत बसवला की आवाज बराच खाली येतो. बुरशी मात्र फॅन वेगळा केल्याने आपोआप जाणार नाही. ती ब्लीचने पुसून काढावी लागेल. ब्लीच वापरताना त्यात किंवा त्याच्यावर बाथरूमचं ॲसिड अजिबात नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

उरली परवानगी. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात सहसा एक कलम असतं की लेखी संमतीशिवाय कोणताही फेरफार करणार नाही. तुमचा करार काढून ते वाचा. बहुतेक मालक अशा कामाला नाही म्हणत नाहीत. त्यांना भीती असते ती तोडफोडीची. म्हणून पहिल्या ओळीतच ती भीती घालवा. व्हॉट्सॲपवर असं लिहा: "नमस्कार काका. बाथरूमचा दिवा आणि एग्झॉस्ट एका बटणावर असल्याने आंघोळीनंतर फॅन चालवता येत नाही आणि छताला बुरशी येते आहे, फोटो पाठवला आहे. बाहेरच्या बोर्डात एक बटण वाढवून दोन्ही वेगळे करायचे आहेत. भिंत, टाइल काहीही फोडणार नाही. परवानाधारक वायरमनकडून करून घेऊ. आपली संमती इथेच लिहून कळवाल का?" खर्च कोणी करायचा हे त्यात आधीच लिहू नका. बुरशीने छताचं प्लास्टर खराब होतं ते त्यांचं, त्यामुळे बरेच जण स्वतःहून म्हणतात की भाड्यातून वळते करा. बोर्डात दोन वायरी निघाल्या तर सामान दोनशे रुपयांच्या आत येतं, बाकी मजुरी.

वायरमन शक्यतो सोसायटीत नेहमी काम करणारा बघा. त्याच मजल्याच्या साच्याचे फ्लॅट त्याने उघडलेले असतात, कोणता पाइप कुठून जातो ते त्याला माहीत असतं. परवाना बघायला मागायला संकोच करू नका. ड्रिलचं काम असेल तर वेळ सोसायटीच्या ऑफिसात विचारून ठरवा, दुपारी बहुतेक ठिकाणी बंदी असते. काम सुरू होण्याआधी आणि प्लेट बंद करण्याआधी, दोन्ही वेळा आतला फोटो काढा. काढलेली डमी, जुनं बटण आणि स्क्रू एका पिशवीत घालून त्यावर "बाथरूम बोर्ड" लिहून मीटरच्या कागदांसोबत ठेवा. घर सोडताना मालक म्हणाले पूर्ववत करा, तर दहा मिनिटांत होतं.

आधी एवढंच करा. वायरमनला बोलावून प्लेट उघडून घ्या आणि दिव्याच्या बटणाच्या आउटपुटखाली एक वायर आहे की दोन, ते उजेडात, समोरून फोटो काढून कळवा. त्यावरून तुमच्या घराला यातला कोणता मार्ग लागू पडतो ते लगेच सांगता येईल.